मान्साच्या गोष्टीतली सात दारं

मंगळवारी आमच्या समुद्राची सुट्टी असते. त्या दिवशी होडी लोटायची नाही, जाळं टाकायचं नाही. त्याला निजू द्यायचं. पुरुष नारळांखाली बसून जाळी सांधतात, आणि दिवस मावळला की सगळं आवार मान्साच्या भट्टीपुढे येऊन बसतं. बायका सोलायला कांदे घेऊन येतात, म्हातारे खुर्च्या घेऊन येतात, पोरं नुसतीच येतात. मान्सा हात पुसते, डोक्याचं फडकं सारखं करते आणि गोष्ट सांगायला बसते. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. मग मधे दोन वर्षं तिच्या जिवाची जी काहिली झाली, ती मी शेजारच्या भट्टीवरून पाहिली आहे.

मान्सा मासे धुरावणारी. गोल मातीची भट्टी, तिच्यावर जाळीच्या तबकांची चळत, तबकांत तोंडं एका दिशेला करून मांडलेल्या तारल्या. मान्सा म्हणजे लागोपाठची तिसरी मुलगी. नाव तेवढंच सांगतं. थोरलीला रूप मिळालं, दुसरीला बाजारातली जीभ मिळाली, आणि तिसरीची पाळी आली तेव्हा देवाच्या टोपलीत तळाशी गोष्टीच उरल्या होत्या, असं ती स्वतःच सांगते. त्या गोष्टी तिला दिल्या एना ताचिवाने. एना म्हणजे आई. ताचिवा कुणाची सख्खी आई नव्हती, म्हणून सगळ्या गावाची होती. दहा वर्षांच्या मान्साला तिने आपल्या भट्टीवर मासे उलटायला ठेवलं, आणि एकेक तबक उलटताना एकेक गोष्ट. मान्साला आजही कासवाची गोष्ट आठवायची तर हात आधी मासा उलटल्यासारखा हलतो.

तिचे चार मुलगे मोठ्या बंदरात कामाला गेले. त्यातल्या एकालाही गोष्टींचं वेड नाही. नवरा क्वामेना भला माणूस, पण गोष्ट सुरू झाली की दुसऱ्या वाक्याला घोरतो. तेव्हा मान्साचं आपलं असं जे काही होतं, ते मंगळवारच्या त्या गर्दीच्या मधोमध होतं.

आता आमच्याकडे गोष्ट एकट्याची नसते. सांगणारा सांगत असतो, आणि ऐकणाऱ्यांतलं कुणीही मधेच उठून ओरडू शकतं, "थांब गं सांगणारे, थांब! हे झालं त्या दिवशी मी तिथंच होते!" सांगणारीने थांबायचंच. "होतीस? मग काय पाहिलंस?" असं विचारायचं. मग ती बाई गाणं उचलते, सगळे टाळ्या धरतात, दोनचार जण उठून नाचतात, सांगणारीही नाचते. आणि मग गोष्ट जिथे थांबली होती तिथून पुढे. गाणं ऐकणाऱ्यांच्या मर्जीचं. सांगणारीने ते मागायचं नसतं. मागितलं तर लोक म्हणतात, हिची गोष्ट भीक मागायला लागली.

वीस वर्षं ही मधली गाणी कुणीही म्हणायचं. मी म्हणायची, कोळिणी म्हणायच्या, क्वामेना झोपेतून उठून भलत्याच गोष्टीचं म्हणायचा. मग एजिर्बा आली.

पलीकडच्या आवारातल्या होड्या कोरणाऱ्या एकोने तिला कोकोच्या मळ्यांकडून लग्न करून आणलं. समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. मासा साफ करायला दिला तर शेपटीकडून सुरू करायची. बायका हसल्या, आणि सगळ्यांत आधी तिला शेजारी बसवून घेतलं ते मान्सानेच. "अगं, पोट इकडे असतं त्याचं. तुमच्याकडे मासे झाडाला लागतात का?"

तिसऱ्या मंगळवारी एजिर्बा उठली. लाजत म्हणाली, "थांबा मावशी. त्या दिवशी मी तिथंच होते."

"होतीस? मग काय पाहिलंस?" मान्सा कौतुकाने म्हणाली.

आणि ती गायली. काय सांगू! माझ्या हातातला कांदा तसाच राहिला. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या, पोरं गप्प झाली, क्वामेना जागा झाला आणि जागाच राहिला. गाणं संपल्यावर मान्साने गोष्ट पुढे नेली खरी, पण कुणीतरी मागून म्हणालं, "पोरी, तेच आणखी एकदा म्हण ना." तेव्हा मान्साच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच थांबलं, जाळ ओढून घेतल्यावर भट्टीचं होतं तसं. ऊब होती, जाळ नव्हता.

सकाळी नळावर जो तो विचारत होता, "काल एजिर्बाचं गाणं ऐकलंस?" कासवाचं काय झालं, सशाने फसवलं की नाही, याचं नाव कुणी काढत नव्हतं.

मान्सा मत्सरी आहे असं तुम्ही तिच्या तोंडावर म्हणाल तर ती तुम्हाला आंबवलेल्या मक्याच्या केंकीचे दोन गोळे आणि तळलेला मासा खायला घालून शांतपणे समजावेल की तुमचा गैरसमज झालाय. ती एजिर्बाला कधी वाकडा शब्द बोलली नाही. उलट तिची काळजीच घेतली. "बाई गं, असला गळा! धुराने खराब होईल हो. तू इथे भट्टीजवळ नको बसूस, तिकडे वाऱ्याला बस." वारा जिथून यायचा तिथे शेळ्या बांधलेल्या असत. एजिर्बा दोन मंगळवार शेळ्यांपाशी बसली आणि तिथून गायली. आवाज भिंतीवर आदळून आला तो जास्तच गोड लागला. मान्साने तिला परत बोलावलं.

मग सूप पाठवायला लागली. ताडाच्या फळांचं दाट सूप, वर खेकडा. मिरची मात्र अशी, की एकोला दोन दिवस होडी कोरता आली नाही, डोळ्यांतून पाणी थांबेना. एजिर्बाने भांडं स्वच्छ धुऊन परत आणलं. "मावशी, आमच्याकडे असंच तिखट खातात. आईची आठवण झाली."

"आवडलं?" मान्सा दात दाखवून म्हणाली. मग ती वळली आणि मला म्हणाली, "एकुवा, हिचा घसा मातीचा आहे की लोखंडाचा?"

एकदा दुपारी मी सरपण मागायला गेले तर भट्टीमागून विचित्र आवाज येत होता. मला वाटलं शेळी अडकली कुठे. पाहते तर मान्सा एका हाताने तबक धरून गात होती. कोंबड्या कुंपणाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काय करतेस?"

"खोकतेय. धूर गेला."

"सुरात खोकतेस?"

"तू सरपण घ्यायला आलीस ना? घे आणि चालती हो."

त्या रात्री जेवताना क्वामेनाने आगीत तेल ओतलं. म्हणाला, "हल्ली तुझी गोष्ट आखूड आणि तिचं गाणं लांब होत चाललंय, नाही?" चार दिवस त्याला माशाचं डोकं मिळालं नाही. आमच्याकडे नवऱ्याला माशाचं डोकं मिळालं नाही की सगळ्या आवाराला कळतं.

मी तिला एकदा म्हटलं, "अगं, गाणी तुझ्याच गोष्टीत होतात ना? ती काय स्वतःची गोष्ट सांगते?"

"तेच तर!" मान्सा म्हणाली. तारल्यांवरून हात फिरवत तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "भट्टी मी बांधायची, सरपण मी आणायचं, मासे मी मांडायचे. आणि ही येणार, चिमूटभर मीठ टाकणार, आणि लोक म्हणणार, वा, काय मीठ आहे!"

मला हसू आलं, पण मी हसले नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या दिवशी भट्टी पेटलेली नव्हती.

अशात एना ताचिवा गेली. नव्वदीच्या पुढची होती; सकाळी लापशी प्यायली, वाटी खाली ठेवली आणि गेली. आमच्या कुळाचे वडीलधारे एग्या बोत्वे यांनी सगळ्यांना बोलावून दिवस ठरवले. शनिवारी दफन, आणि शुक्रवारी संध्याकाळी तिच्या अंगणात गोष्ट. ताचिवाचं एक बुटकं लाकडी स्टूल होतं, एकाच खोडातून कोरलेलं, बसून बसून मधे गुळगुळीत झालेलं. त्यावर बसून ती गोष्टी सांगायची. ते स्टूल आता कुणाकडे जायचं?

"जी शुक्रवारी माणसं शेवटपर्यंत धरून ठेवील तिच्याकडे," एग्या बोत्वे म्हणाले. "मान्सा सांगेलच. पण बायकांत चाललंय की त्या नव्या सुनेलाही विचारावं. तिचा आवाज…"

"तिला एक तरी गोष्ट येते का, एग्या?" मान्साने विचारलं. आवाज इतका गोड, की मी दचकले.

"ते मला माहीत नाही. लोक म्हणतात, एवढंच मला माहीत."

घरी येताना मान्सा भराभर पुढे चालत होती. कुंपणापाशी थांबून म्हणाली, "एकुवा, ते स्टूल तिला मिळालं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. मासे भाजीन, विकीन, मरीन."

आणि मग तिने जे ठरवलं ते आमच्याकडचीच बाई ठरवू शकते. गाणं गोष्टीत शिरतं कुठून? सांगणारी श्वास घ्यायला थांबते, तिथून. तिने ठरवलं, थांबायचंच नाही. चार दिवस ती भट्टीवर गोष्ट घोटत होती, एका श्वासात जास्तीत जास्त वाक्यं कोंबत. चेहरा जांभळा व्हायचा. मी पाणी आणून द्यायची, ती हाताने नको म्हणायची, कारण पाणी प्यायचं तर थांबावं लागतं.

गोष्ट तिने निवडली कासवाची. कासवाची आई मरते आणि ते तिला परत आणायला पूर्वजांच्या गावी जातं. वाटेत सात दारं, प्रत्येक दारावर एक राखणदार, आणि प्रत्येक दाराशी कासव गाणं म्हणून दार उघडून घेतं. ताचिवाची ही सगळ्यांत आवडती गोष्ट. मान्साला वाटलं, गोष्ट ताचिवाची आहे, एवढ्यावर ती उभी राहील.

शुक्रवारी अंगण गच्च भरलं. लाल-काळी लुगडी, मांडवाखाली खुर्च्या, भाड्याचे कर्णे एग्या बोत्वेंनी बंद करायला लावलेले. स्टूल मधे ठेवलं होतं, पण त्यावर अजून कुणी बसायचं नव्हतं. मान्सा त्याच्या शेजारी उभी राहिली. एजिर्बा तिसऱ्या रांगेत, हात मांडीवर.

"गोष्ट खरी मानायची नसते हो!" मान्साने हाक दिली.

"नाही! जपून ठेवायची असते!" आम्ही सगळे ओरडलो.

आणि ती सुटली. कासवाची आई मेली, कासवाने पोटावर माती फासली, वाटेला लागलं, नदी आली, पोहलं, डोंगर आला, चढलं. वाक्यावर वाक्य, फटीला जागा नाही. दोघीतिघींनी उठायला पाहिलं. "थांब गं सांग–" म्हणेपर्यंत कासव पुढच्या गावात गेलेलं. बायका गोंधळून खाली बसल्या. एक पोर रडायला लागलं, त्याला कुणी बाहेर नेलं नाही. मागच्या रांगेत तारल्यांच्या भावावर बोलणं सुरू झालं. मला तिचा पदर ओढावासा वाटत होता.

"…आणि मग ते पूर्वजांच्या गावाच्या वेशीशी आलं आणि पाहतं तर काय सातही दारं उघडीच होती म्हणून ते सरळ आत…"

"उघडी?" पहिल्या रांगेतून ताचिवाची मैत्रीण, बोळक्या तोंडाची अंसाबा म्हातारी, काठी आपटून म्हणाली. "मरणाच्या घराची दारं उघडी? मग आपण इथे रडत काय बसलोय? चला गं, जाऊन ताचिवाला घेऊन येऊ!"

सगळं अंगण हसलं. हसू संपलं, आणि मग जे आलं ते वाईट होतं. सगळ्यांच्या नजरा मान्साकडे वळल्या. मान्सा उभी होती आणि कासव दारांच्या पलीकडे कुठेतरी पोहोचलेलं होतं, तिथून त्याला पुढे नेता येत नव्हतं. आईला भेटायला इतक्या सहज गेलं, तर भेटीचं काय सांगणार?

मान्साने एजिर्बाकडे पाहिलं. वीस वर्षांत तिने कुणाकडे असं पाहिलं नव्हतं. मागायचं नसतं, हे तिलाही ठाऊक आणि एजिर्बालाही. एजिर्बा आपली नखं बघत बसली. मला तिचा राग आला, आणि रागावण्यासारखं तिने काही केलं नव्हतं हेही कळत होतं.

एग्या बोत्वे खुर्चीतून अर्धे उठले. आता ते म्हणणार, बास पोरी, थकलीस तू. तेवढ्यात मान्सा स्वतःच ओरडली.

"थांब गं मान्से, थांब! हे झालं त्या दिवशी मी तिथंच होते!"

मग ती दोन पावलं डावीकडे सरकली, वळून मघाच्या जागेकडे बघत म्हणाली, "होतीस? मग काय पाहिलंस?"

परत दोन पावलं उजवीकडे. "काय पाहिलं म्हणून विचारतेस? दारं बंद होती! सातही! सांगणारी खोटारडी आहे!"

असं आमच्या गावात कुणी कधी केलं नव्हतं. स्वतःच्या गोष्टीला स्वतःच अडवायचं! अंसाबा म्हातारी पुढे वाकली. मागचा तारल्यांचा भाव थांबला. आणि मान्साने गाणं उचललं.

*दार उघड, राखणदारा, दार उघड,*
*पाय माझे आखूड, वाट माझी लांब…*

सूर इतका वाकडा लागला की कुणीतरी "अगंबाई!" म्हणालं. पोरं फिदीफिदी हसली. मान्सा गातच राहिली, मान ताठ, डोळे मिटून, गळ्याच्या शिरा फुगवून. तिसऱ्या रांगेत एजिर्बाने आधी ओठ चावले, मग कपाळाला हात लावला. चांगल्या गळ्याच्या माणसाला वाकडा सूर खुपतो, कुसळ गेल्यासारखा. दुसऱ्या ओळीला तिच्याने राहवलं नाही. ती उठून उभी राहिली आणि तिने तो सूर मान्साच्या तोंडातून काढून घेतल्यासारखा उचलला.

*आईच्या चुलीवर सूप निवलं,*
*थांब रे मरणा, जरासं थांब.*

मग टाळ्या आल्या, ढोलावर हात पडले, अंसाबा काठीसकट नाचली. पहिलं दार उघडलं. मान्साने गोष्ट पुढे नेली, आता सावकाश, दुसऱ्या दाराशी थांबली, आणि एजिर्बा उठली. तिसऱ्याला मी उठले. पाचव्याला क्वामेना, आणि नवल म्हणजे गाणं त्याच गोष्टीचं होतं. सातव्या दाराशी एजिर्बाने ते अगदी हळू म्हटलं आणि टाळ्या कुणी धरल्या नाहीत. आत कासवाची आई बसलेली होती. ती म्हणाली, "बाळा, तुझ्याबरोबर आले तर मला पुन्हा एकदा मरावं लागेल. माझी सुपाची कढई घेऊन जा." कासवाने ती पाठीवर उपडी घातली आणि परत निघालं. ते म्हणे तेव्हापासून तिच्याखालीच राहतं.

एग्या बोत्वेंनी डोळे पुसले, स्टूल उचललं आणि मान्साच्या हातात दिलं. "शेवटी गोष्ट हिनेच पोहोचवली," एवढंच म्हणाले. बायकांनी आरोळी ठोकली. मान्सा बसली. पण तिचे कान मी ओळखते. मांडवाच्या टोकाला कुणीतरी म्हणालं, "गायली मात्र एजिर्बाच हं!" आणि तिची पाठ स्टुलावर ताठ झाली.

घरी आम्ही तिघी एकत्र निघालो, वाट एकच म्हणून. स्टूल मान्साच्या डोक्यावर. मग एजिर्बा म्हणाली, "मावशी, तुम्ही पाहिलंत तेव्हा मी मुद्दाम उठले नाही."

"माहीत आहे."

"तुम्ही पडावं असं वाटत होतं मला."

मान्सा थांबली. मी स्टुलाला हात लावला, पडेल म्हणून.

"माझं गाणं संपलं की लोक माझ्याकडे बघतात, असं किती वेळ? दोन टाळ्या. मग माना तुमच्याकडे वळतात, पुढे काय झालं म्हणून. मला घरी एक गोष्ट धड सांगता येत नाही. एकोला सांगायला बसले तर मधेच विसरते, तो म्हणतो, जाऊ दे, गा त्यापेक्षा. तुमच्या तोंडातून कशा त्या एकामागून एक येतात! जळते मी तुमच्यावर, मावशी. खरंच जळते."

"काय म्हणालीस?" मान्साने विचारलं.

"जळते म्हणाले."

"माझ्यावर?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या मंगळवारपासून."

"पुष्कळ?"

"पुष्कळ, मावशी. झोप लागत नाही कधीकधी."

मान्साने स्टूल डोक्यावर नीट बसवलं आणि चालायला लागली. दहा पावलांवर तिने मागे न बघता म्हटलं, "दफन झालं की परवा सकाळी ये भट्टीवर. कासवाचीच आधी शिकवते. मासे उलटायला हात लागेल. आणि लुगडं जुनं नेस, धुराचा वास जात नाही."

दुसऱ्या दिवशी दफनाला जायच्या आधी ती माझ्याकडे आली, हातात पानात बांधलेला सगळ्यांत मोठा मासा. "ऐकलंस ना काल? जळते म्हणे माझ्यावर. झोप नाही पोरीला." मासा माझ्या हातात ठेवला. "आणि मला कल्पनासुद्धा नव्हती!" दफनाहून येताना तिने हे अंसाबाला सांगितलं, सोमवारी बाजारात थोरल्या बहिणीला सांगितलं, क्वामेनाला तर दोनदा, आणि त्याला त्या दिवशी माशाची दोन डोकी मिळाली. स्वतःच्या दोन वर्षांबद्दल मात्र अवाक्षर नाही. मी एकदा तिच्याकडे नुसतं पाहिलं, तर म्हणाली, "काय बघतेस? धूर गेला डोळ्यात," आणि एजिर्बाला हाक मारून म्हणाली, "अगं, पोटाकडून! किती वेळा सांगायचं, पोटाकडून!"